माझे सावकार

माझ्यासमोर मूल मांडीवर घेऊन बसलेल्या जवळजवळ प्रत्येक आईला शेवटी एक आकडा हवा असायचा. ‘मॅडम, किती टक्के?’ कुणाला तो दाखल्यासाठी हवा असे, कुणाला शाळेसाठी, कुणाला सासूला सांगण्यासाठी. लहान मुलांच्या विकासाचं मापन हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे आकडा मी काढून देत असे. पण तो काढायचा कसा आणि काढल्यावर त्याच्यावर विसंबायचं किती, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांची यादी करायला बसले की तिच्यात पदव्यावाले कमीच निघतात. आमच्या बाई, एक फिजिओथेरपिस्ट, मिश्री लावणारी एक आजी, शाळेची जुनी वही भरून आणणारी एक आई, महिन्यांचा हिशेब मागणारे एक वडील, कधीही न भेटलेल्या दोन-तीन संशोधक स्त्रिया आणि डाउन सिंड्रोम असलेली पुष्कळ मुलं. हे माझे सावकार. यांतल्या एकानंही कधी तगादा लावला नाही, म्हणूनच बहुधा फेड राहून गेली.

डाउन सिंड्रोम म्हणजे काय, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. २१ व्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती, म्हणजे एकूण ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरनं १८६६ मध्ये लक्षणांचं वर्णन केलं. कारण कळायला १९५९ उजाडलं. आमच्या कामाच्या दृष्टीनं यात एक मोठा वेगळेपणा आहे. इतर मुलांच्या बाबतीत काहीतरी मागं पडतंय असं जाणवतं, मग आईबाप येतात, मग निदान होतं. इथे बाळ अजून पाळण्यात असतं आणि त्याच्याबद्दलचं मत आधीच तयार असतं. माझ्या दारात येण्यापूर्वी या आयांना कुणीतरी सांगून टाकलेलं असायचं, ‘हा काही फारसं करणार नाही.’ ते मत खोडायची घाई जितकी वाईट तितकीच ते मान्य करायचीही वाईट. मधे राहून नीट बघणं, एवढंच मापन करणाऱ्याचं काम.

ते बघणं मी बाईंकडून उचललं. ऐंशीच्या दशकात पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या बालविकास विभागात मी शिकाऊ म्हणून लागले तेव्हा बाई तिथं होत्या. बोलायला तुसड्या. मुलांशी नव्हे, आमच्याशी. त्यांच्या खोलीत भिंतीवर एकही चित्र नव्हतं, कारण मूल चित्राकडे बघतंय की आपण धरलेल्या वस्तूकडे, हे मग कळत नाही. पत्र्याच्या पेटीत चाचणीचं सामान: दोरीला बांधलेली लाल कडी, घंटी, खुळखुळा, लाकडी ठोकळे, कप, आरसा, बाहुली, खुंट्यांची पाटी, आकार बसवायचा फळा. पेटीतली एक वस्तू बाहेर आली की आधीची आत गेलीच पाहिजे. आई मुलाच्या मागं बसलेली चालायची नाही, शेजारी बसवायची. मागं बसली की मूल सारखं वळून बघतं आणि अर्धा वेळ वळण्यातच जातो.

पण बाईंचं मुख्य शिकवणं होतं ते थांबण्याचं. कडी बाळापुढं धरली की नव्या उमेदवाराचा हात तिसऱ्या सेकंदाला ती हलवायला लागतो, पाचव्या सेकंदाला बदलून खुळखुळा घेतो. बाई शेजारून दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवत आणि हळूच म्हणत, ‘तो निघालाय. पोचू दे.’ डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाचे स्नायू सैल असतात, सांधे जास्त लवचीक असतात, आणि बघितलं ते ओळखून त्यावर काही करायला त्याला इतर बाळांपेक्षा जास्त वेळ लागतो. आपण मधेच वस्तू हलवली की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बाळाचं लक्षच नाही. त्या खोलीत मी कितीतरी वेळा बघितलं आहे: कुणीही काही न करता जाणारे ते लांबच लांब क्षण, आणि मग सावकाश, खांद्यापासून निघालेला हात कडीपर्यंत येतो. आईचा श्वास तेव्हा सुटतो.

बाई स्वतः बडोद्याला शिकलेल्या, आणि ‘फाटकबाई’ हे नाव त्या घरातल्या मोठ्या माणसाचं घ्यावं तसं घेत. डॉ. प्रमिला फाटक. अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांच्या चाचणीवर आधारलेली, पण बडोद्याच्या बाळांना बघून, त्यांच्या वयानुसार प्रमाणित केलेली मापनश्रेणी फाटकबाईंनी तयार केली. १९७० च्या सुमाराला ती ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणून आली. १९९७ मध्ये तिचं सुधारित रूप झालं, ते आज ‘दासी’ या आद्याक्षरी नावानं देशभर वापरलं जातं. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत. शारीरिक हालचालींच्या ६७ कृती आणि बौद्धिक विकासाच्या १६३. मी फाटकबाईंना कधी भेटले नाही. पण भारतातलं बाळ कुठल्या महिन्यात काय करतं हे विचारायला परदेशी पुस्तक उघडावं लागू नये, याची व्यवस्था त्यांनी करून ठेवली, आणि माझं सगळं आयुष्य त्या व्यवस्थेवर गेलं.

त्या श्रेणीतली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट एकूण आकडा ही नव्हेच. कृतींचे गट पाडलेले आहेत: मान धरणं, धड सावरणं, सरकणं-चालणं, हातांनी हाताळणं, बघून ओळखणं, ऐकून ओळखणं, लक्षात ठेवणं, नक्कल करणं, बोलणं, बोललेलं समजणं, आणखी काही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचा तक्ता या गटांनुसार मांडला की तो सपाट कधीच येत नाही. माणसांशी लागणारा सूर आणि नक्कल चांगली, समजणं त्याच्या खालोखाल, बोलणं बरंच मागं, आणि शरीराच्या हालचालींना उशीर. बहुतेक मुलं दुसऱ्या वर्षाच्या आगेमागे चालायला लागतात. काही लवकर, काही चौथ्या वर्षापर्यंत घेतात. या सगळ्याची सरासरी काढून एकच संख्या लिहिली, तर त्या मुलात जे जे वेगवेगळं आहे ते नेमकं पुसलं जातं.

आमच्याकडे एक फिजिओथेरपिस्ट होत्या. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण सांगायला बिचकायच्या नाहीत. एकदा मी दहा महिन्यांच्या एका मुलीला सतरंजीवर बसवून तिच्यापुढे दोन ठोकळे ठेवले होते. ती दोन्ही पंजे जमिनीला टेकवून बसली होती, ठोकळ्यांकडे टक लावून बघत होती आणि उचलत नव्हती. फिजिओ दारातून म्हणाल्या, ‘ताई, तिचे हात कामात आहेत. पडू नये म्हणून तिनं टेकू दिलाय.’ मग त्यांनी चादरीची गुंडाळी करून मुलीच्या कंबरेभोवती खोचली, पाय थोडे जवळ आणले. हात मोकळे झाले. मुलीनं एक ठोकळा घेतला, दुसराही घेतला, आणि तिसरा दाखवल्यावर दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघत राहिली, जणू यातला कुठला सोडू. हा विचार त्या वयात अगदी वेळेवरचा होता. धडाला आधार नव्हता तोवर तो दिसायची सोयच नव्हती. तेव्हापासून धुतलेली एक चादर मी कायम पेटीजवळ ठेवत आले. पुस्तिकेत ती नाही.

मिश्रीवाल्या आजी फलटणकडच्या. नातू दीड वर्षाचा, हृदयाला छिद्र, औषधं चालू. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यामुळे ‘टूडी इको’ हा शब्द आमच्याकडे येणाऱ्या आज्यांनाही पाठ असे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू उचलता येते का, हे बघायला चाचणीत एक छोटी गोळी असते. मी ती टेबलावर ठेवली. पोरगं मान फिरवून आजीच्या पदरात घुसलं. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. आजी म्हणाल्या, ‘आवं बाई, त्याला औषिद वाटतंय त्ये. रोज कुटून पाजतोया आमी.’ आणि पिशवीतून एक चुरमुरा काढून त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो चिमटीत धरून थेट तोंडात टाकला. बाईंचा नियम होता, गुण चाचणीप्रमाणे, टिपण मुलाप्रमाणे. चुरमुऱ्याला गुण नाही. पण उजवीकडच्या समासात सगळं लिहायचं. मी लिहिलं. पुढच्या भेटीत आधी चुरमुरे खाऊन झाल्यावर गोळी ठेवली, तर त्यानं तीही निमूट उचलली. मग गुण दिला. औषधं घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत मी पुढं घरी विचारत गेले की याला गोळ्यांची भीती आहे का. ही चौकशी मला कुठल्या अभ्यासक्रमानं शिकवली नसती.

आता वहीवाली आई. शिरूरच्या पुढच्या गावातून एसटीनं यायच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांना मी पहिल्या भेटीनंतर सांगितलं होतं की मुलगा घरी काय काय करतो ते लक्षात ठेवा. लक्षात ठेवण्यावर त्यांचा विश्वास नसावा. पुढच्या खेपेला त्यांनी थोरल्या मुलीची अर्धी उरलेली शाळेची वही आणली. पानावर मधोमध पट्टीनं ओढलेली रेघ. डावीकडे ‘सांगून केलं’, उजवीकडे ‘न सांगता केलं’. हा भेद त्यांना कुणी शिकवला होता? कुणीच नाही. डावीकडची रांग तुटक होती आणि उजवीकडची भरगच्च. ‘पातेल्यावर झाकण बसवलं.’ ‘चप्पल माझी मला आणून दिली.’ ‘आजोबा खोकले तसा खोकला.’ ‘काऊ आला तर बोट दाखवलं, शब्द नाही.’ आणि एका गुरुवारी: ‘झाकण बसव म्हटलं. बसवलं नाही. माझ्याकडे बघून हसला, टाळ्या वाजवल्या.’

ते हसणं मला चांगलं ओळखीचं होतं. ठोकळ्यांचा मनोरा करून दाखवला की हा ठोकळे खाली टाकायचा आणि लगेच हात जोडून ‘जेजे’ करायचा. ते दाद मागणारं असतं. सगळी खोली हसते आणि चाचणी बाजूला राहते. एक मुलगी तर फळ्यावर आकार बसवायची वेळ आली की उठून येऊन माझी पापी घ्यायची. अशा मुलांना लोक ‘किती गोड, किती मायाळू’ म्हणतात. मायाळू असतातच, पण हा गोडवा कधी कधी अवघड कामातून सुटण्याची युक्ती असतो, आणि ती युक्ती करायलाही डोकं लागतं.

याला पक्का आधार मिळाला तो एडिनबरोच्या जेनिफर विशार्ट यांच्या लेखनातून. वाचनालयातून फोटोकॉपी मागवून मी त्यांचा निबंध वाचला, पेन्सिलीनं खुणा करत. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की डाउन सिंड्रोम असलेल्या लहान मुलांना थोड्या दिवसांच्या अंतरानं तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली, तर आधी जमलेल्या काही कृती निसटतात आणि आधी न जमलेल्या काही जमतात. टाळाटाळ, माणसं गुंतवून विषय बदलणं, येत असलेलंही न करणं, हे सगळं त्यात नोंदलेलं. शिरूरकडच्या त्या आईची वही आणि स्कॉटलंडचा तो निबंध मी शेजारीशेजारी ठेवून वाचले आहेत. दोघींनी एकच गोष्ट पाहिली होती. एकीला ती मांडायला आलेखांची सोय होती. पुढं मी एका बैठकीत मापन संपवणं सोडलं. वरचे लोक कुरकुरायचे, कारण दोन भेटी म्हणजे नोंदवहीत निम्मी मुलं. कुरकुरू देत.

ऐकण्या-बघण्याचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण तो महत्त्वाचा असूनही सगळ्यांत जास्त विसरला जातो. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, पडद्यामागे चिकट द्रव साठतो, आणि ऐकणं महिन्यागणिक कमीजास्त होत राहतं. जन्मानंतर केलेली ‘बेरा’ ही कानाची तपासणी चांगली आली म्हणजे काम संपलं असं नाही. डोळ्यांचंही तसंच. कार्डिफच्या मार्गारेट वुडहाउस यांनी दाखवून दिलं की यांतल्या बहुसंख्य मुलांना जवळच्या वस्तूवर नजर नीट स्थिरावता येत नाही, आणि लहानपणीच दुहेरी भिंगांचा चष्मा दिला तर फायदा होतो. म्हणजे हातभर अंतरावरचं पुस्तक त्या मुलाला पुसट दिसत असू शकतं, आणि मी ‘चित्रात रस नाही’ असं लिहून मोकळी होऊ शकते. थायरॉइड कमी पडलं तर मूल मंद, झोपाळू होतं; ते रक्ताच्या तपासणीनं कळतं आणि गोळीनं सावरतं. ही तपासणी जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाची झाल्यावर आणि पुढं दरवर्षी व्हायला हवी. बाई तर कानाचा अहवाल नसेल तर पेटीच उघडत नसत. आईबाप लांबून आलेले असायचे, रडकुंडीला यायचे. बाई त्यांना चहा पाजायच्या आणि कानाच्या विभागात स्वतः घेऊन जायच्या. पेटी मात्र बंद.

महिन्यांचा हिशेब मागणारे ते वडील एसटीत कंडक्टर होते. मुलगी वर्षाची असताना तिचा अंक ६७ आला होता; अडीच वर्षांची झाल्यावर ५०. त्यांच्या शेजारपाजारच्यांनी सांगितलं होतं, पोर मागं चाललंय. दोन्ही अहवाल माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, ‘मॅडम, हे टक्के राहू द्या. महिने सांगा.’ मी सांगितलं: तेव्हा ती बारा महिन्यांची होती आणि आठ महिन्यांच्या बाळासारखी वागत होती. आज तीस महिन्यांची आहे आणि पंधरा महिन्यांच्या मुलासारखी वागते. त्यांनी खिशातलं पेन काढून अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ८, १५. ‘आठाचे पंधरा झाले. मग कमी कुठं झालं?’ कुठंच झालं नव्हतं. अंक म्हणजे विकासाचे महिने भागिले वयाचे महिने, टक्क्यांत; वय वाढलं की भागाकाराच्या खालची संख्या वाढते, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची वाढ चालू असूनही भागाकार घसरतो. जवळजवळ सगळ्या मुलांमध्ये पहिल्या दोन-तीन वर्षांत हे दिसतं. हे मला माहीत होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण अहवालाच्या पहिल्या ओळीत महिने आणि मग, लागलाच तर, अंक ही रीत मी त्या गृहस्थांकडून घेतली.

आता चित्र बदललं आहे. २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यातल्या जन्मदोषांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे, आणि जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी लवकर उपचारांची केंद्रं उभी राहिली. अंगणवाडीतून, शाळेतून मुलं तिथं पाठवली जातात. पूर्वी पुणे-मुंबई गाठल्याशिवाय मापन होत नसे, ते आता जिल्ह्याच्या गावी होऊ शकतं. चांगलंच झालं. पण गर्दी वाढली की थांबण्याची चैन पहिल्यांदा जाते. तासाभराचं मापन वीस मिनिटांत उरकलेलं मी पाहिलं आहे, आणि अशा अहवालावर पानभर कोरी जागा आणि खाली एक संख्या असते.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी विभागात नारळ, शाल, समोसे असा बेत होता. त्या आल्याच नाहीत. एका बाळाची दुसरी भेट त्याच दुपारी ठरलेली होती, म्हणून त्या खोलीचं दार लावून आत बसल्या. समोसे गार झाल्यावर बाहेर येऊन म्हणाल्या, ‘घंटीकडे वळला.’ बाई आता नाहीत. पेटी माझ्याकडे होती, ती मी माझ्यानंतरच्या मुलीला दिली. चादर जुनी होती, ती फेकून नवी घ्यायला सांगितली.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी, नात्यात, शेजारी असं बाळ असेल तर त्यांना एवढंच सांगते. मापनाला जाण्यापूर्वी कान, डोळे आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घ्या आणि ते कागद बरोबर न्या. बाळाला सर्दी असेल, झोप झाली नसेल तर दुसरी तारीख मागा. घरी ते न सांगता काय करतं ते आठवडाभर वहीत लिहून ठेवा आणि ती वही टेबलावर ठेवा, पिशवीत नको. अहवाल हातात आला की पहिल्या पानावरच्या अंकाशी थांबू नका. कुठल्या कृती जमल्या, कुठल्या जमल्या नाहीत, कुठल्या अर्धवट जमल्या, याचा आतला तक्ता मागून घ्या, आणि पुढचे तीन महिने घरी काय करायचं ते त्यावरून समजावून घ्या. नाही म्हणाले तर पुन्हा मागा.